चाळिसावी चिठ्ठी

"बरोबर दिसतंय. दिसतंय म्हनलो बरं का, हाय म्हनलो न्हाय."

चिठ्ठ्यांचा गठ्ठा दोनदा मोजून झाला की मामा एवढं बोलायचे आणि गठ्ठा माझ्या हातात न देता टेबलावर ठेवायचे. हातात दिलं तर देणाऱ्याची जबाबदारी, टेबलावरून उचललं तर उचलणाऱ्याची, अशी त्यांची रीत. तुमच्याही कामावर असा एखादा माणूस असेल. बघा आठवून.

तेर गावाच्या बाहेर शेतकऱ्यांच्या एका गटाचं बियाण्याचं युनिट आहे. हरभरा चाळायचा, निवडायचा, पोत्यांत भरायचा. मामा तिथले जुने मापाडी. काटा येऊन कैक वर्षं झाली, तरी त्यांची मापाची पायली कायम मांडीजवळ. संशय त्यांना सगळ्याचाच. काट्याचा, चहाच्या कपाच्या तळाचा, एसटी स्टँडवरच्या घड्याळाचा. माझा तर पहिल्या दिवसापासून. मी सातपुड्याच्या पायथ्याची, नवऱ्याच्या कामामागं इतक्या लांब आलेली. शाळा सातवीतच सुटली. मामांनी गाव विचारलं, मी सांगितलं. "ऐकलं न्हाय," म्हणाले, जणू ते गाव मी आत्ताच बनवलं होतं.

गटाच्या मॅडमनी मला निवडणीवरून उठवून कॉम्प्युटरसमोर बसवलं. धाराशिवला पंधरा दिवस वर्गाला पाठवलं. ते उपकार मी विसरणार नाही. तिथं लूप शिकवला. लूप म्हणजे एकच काम मशीनकडून मोजून तितक्या वेळा करून घेणं. परत आल्यावर मी चाळीस पोत्यांच्या चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक चिठ्ठीवर पोत्याचा क्रमांक, सगळं एका बटणावर. प्रिंटरमधून चिठ्ठ्या सरसर यायला लागल्या तेव्हा मला रडूच आलं. त्या मोजायचं काही सुचलं नाही.

मामांना सुचलं. "एकुनचाळीस."

चिठ्ठी म्हणजे नुसता कागद नव्हे. ती ज्या पोत्याला शिवली ते बियाणं, नाहीतर नुसता हरभरा. खरी चिठ्ठी बाहेर गेली तर कुणीही बाजारातला हरभरा भरून बियाणं म्हणून विकू शकतो. दुसऱ्या दिवशीही एकोणचाळीसच. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. रोज शेवटचीच नाही. बिनचिठ्ठीची चार पोती कोपऱ्यात उभी राहिली आणि निवडणीच्या बायका माझ्या जेवणाच्या डब्याकडं बघायला लागल्या. मॅडम एवढंच म्हणाल्या, "शनिवारपर्यंत चिठ्ठ्या सापडल्या नाहीत तर तुम्ही येऊ नका."

मला संशय मामांचा. चिठ्ठ्या मोजून झाल्या की ते काहीतरी घडी करून शर्टाच्या खिशात सरकवायचे. मी चारही दिवस पाहिलं होतं. शुक्रवारी दुपारी ते शर्ट खुंटीला लावून पोत्यांवर आडवे झाले. घोरायला लागले. मी खिशात हात घातला.

"घावलं का?"

डोळे मिटलेलेच होते. माझ्या हातात घडी घातलेला कागद. त्यावर एकाखाली एक चार आकडे, चारही एकोणचाळीस.

"मामा, मला वाटलं..."

"वाटू दे. मलाबी तूच वाटलीस, तीन दिस. चवथ्या दिशी न्हाय." ते उठून बसले. "चोर कंदी दोन नेतो, कंदी हात आखडतो. रोज नेमानं एकच? एवढी शिस्त असती तर त्यो मास्तर झाला असता. चल, तुझं मशीन काय करतंय ते मला हातानं करू दे. तू सांगत जा."

त्यांनी ताडपत्रीवर हरभऱ्याचा ढीग ओतला आणि पायली घेतली. चाळीसऐवजी पाचच धरायचे ठरले. मी स्क्रीनवर लिहिलेलं मोठ्यानं बोलत गेले, "आकडा एकपासून सुरू. आकडा पाचापेक्षा कमी आहे का बघा. असला तर माप टाका. मग आकडा एकानं वाढवा आणि पुन्हा बघा."

मामांनी पहिलं माप टाकलं. "लाभ."

"लाभ नाही मामा, एक."

"पयल्या मापाला एक म्हनत न्हाईत. सातवी शिकलीस आन एवढं म्हाईत न्हाय?"

लाभ, दोन, तीन, चार. पाचवं माप भरून त्यांनी हात उचलला आणि थांबले. "पाच पाचापेक्षा कमी हाय का?"

"नाही."

"मग?"

"मग... थांबा."

त्यांचा हात तसाच अधांतरी. खाली चारच ढिगल्या. मामा पायलीतल्या हरभऱ्याकडं बघत म्हणाले, "ह्यो बघ तुझा चोर."

वर्गात शून्यापासून मोजायला शिकवलं होतं. शून्यापासून 'पेक्षा कमी' बरोबरच होतं. पण पोत्यावर शून्य क्रमांक कसा टाकायचा, म्हणून मीच शहाणपणानं शून्याचं एक केलं, आणि शेवट तसाच ठेवला. आता 'किंवा तेवढाच' एवढं जोडलं. चाळीस आल्या. मोजणाऱ्या आकड्याला प्रोग्रॅममध्ये काहीतरी नाव द्यावं लागतं. ते मी इंग्रजी अक्षरांत 'लाभ' असं दिलं. अजून तेच आहे.

गठ्ठा घेऊन मामा स्वतः मॅडमकडं गेले. "चाळीस. चूक मशीनला सांगन्यात व्हती, बाईच्या हातात न्हाय. बरोबर दिसतंय." त्यांच्या खिशात गेलेल्या माझ्या हाताबद्दल ते कुणालाच बोलले नाहीत. शर्ट मात्र त्या दिवसापासून अंगावर ठेवूनच झोपायला लागले.

पुढं नजर कमी झाली आणि लेक त्यांना माकणीला घेऊन गेली. जातानाही स्टँडवर कंडक्टरला विचारत होते, "माकनीचीच हाय ना? का नुसती पाटी?"

गेल्या हंगामात पहिली खेप निघाली तेव्हा मी फोन लावला. लेकीनं त्यांच्या कानाला धरला.

"किती?"

"चाळीस, मामा."

"कुनी मोजल्या?"

"मीच मोजल्या."



"मग हाय."

तेवढंच बोलले. या हंगामाला फोन लावायला मामा राहिले नाहीत. त्या दिवशी मात्र मी फोन ठेवला आणि चिठ्ठ्या पुन्हा एकदा मोजल्या.