आईचा रोल वर

यंदा फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला, जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत आम्ही फिल्म धुवायचं नवं यंत्र पहिल्यांदा चालवलं. किंमत अठ्ठावीस हजार चारशे रुपये. निम्मे माझे, निम्मे स्टुडिओवाल्या चाचांचे. हजर तिघे: चाचा, माझे दाजी आणि मी.

स्टुडिओ चाचांच्या वडिलांपासूनचा. आता तिथे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स चालतं, पण काही हौशी मुलं अजून फिल्मवर फोटो काढतात आणि रोल कुरियरने चाचांकडे पाठवतात. रोल हाताने धुताना फोटो उमटवणारं औषध भरलेली टाकी दर मिनिटाला ठरावीक पद्धतीने उलटसुलट करावी लागते. चाचांचे हात दोन वर्षांपासून कापतात. मी शाळेत गणित शिकवतो आणि फिल्मचा मलाही नाद आहे, म्हणून यंत्रात भागीदारी केली. त्यात टाकी आडवी ठेवायची. मोटर ती फिरवत राहते, औषध खालच्या बाजूला थोडंच असतं आणि फिल्म त्यातून फिरते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पारगावला राहतात. मूळ गाव आंबेगाव तालुक्यात वर डोंगराकडे होतं. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव उठलं त्या आठवड्यात त्यांनी दोन रोल काढले, एक गावाचा आणि एक आईचा. पाच महिन्यांनी आई गेली. तेव्हा रोल धुवायला टाकायला मन झालं नाही, मग ते राहूनच गेले. आईचा दुसरा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. या जानेवारीत दाजींना डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्याचा पडदा गेलाच आहे, डाव्याचा उन्हाळ्यापलीकडे भरवसा नाही.

त्या रविवारी फक्त चाचणी करायची ठरली होती. येडगावच्या धरणावर काढलेला माझा एक बिनमहत्त्वाचा रोल त्यासाठी ठेवला होता. दाजी मात्र दोन्ही रोल खिशात घालूनच आले.

डार्करूम म्हणजे पूर्वीची न्हाणी. मोरीला लागून दगडी कट्टा आहे. पाणी टाकायला सोयीचं म्हणून यंत्र त्याच्यावरच मांडलं. टाकीचा तळ मोरीकडे, झाकण मोटरकडे. मी थर्मामीटर लावला, वेळ लिहून ठेवली, औषध मापाने भरलं. पुस्तिकेत तीनशे मिली लिहिलं होतं. हाताच्या धुलाईला सहाशे लागतं.

"निम्मं औषध वाचलं," मी म्हणालो.

"आमच्या अब्बांनी तुमाला नोकरीला ठेवलं असतं, सर," चाचा म्हणाले. "अन् मला हाकललं असतं."

माझा रोल चांगला निघाला. पाण्याची रेघ, बगळे, पलीकडचा ऊस, सगळं कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ. चाचांनी फिल्म उजेडात धरली आणि एकेक फोटो निरखला. मग म्हणाले, "एका रोलवर भरवसा नको. आणखी दोनचार काढू. पुढच्या रविवारी बघू यांचं."

"पुढच्या रविवारी मला दिसंल का, ते सांगा आधी," दाजी म्हणाले.

यावर चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणायला हवं होतं. पण स्वच्छ निघालेला रोल समोर लटकत होता आणि माझे सगळे आकडे जुळले होते. मी म्हणालो, "करू."

फिल्म चकरीवर गुंडाळतात आणि चकऱ्या उभ्या टाकीत एकीवर एक ठेवतात. हे काम पूर्ण अंधारात. दिवा मालवल्यावर दाजींचा आवाज आला, "आईचा रोल कुठला?"

"हा डाव्या हातातला," चाचा म्हणाले.

"तो वर ठेवा. आईवर गाव नको."

"बरोबर हाय. आई वरच पायजे."

मलाही ते बरोबरच वाटलं. खाली गाव, वर आई. झाकण लागलं, दिवा लागला. चाचा म्हणाले, "सर, फिल्म लई जुनी हाय. पाचशे घालू औषध."

"पुस्तिकेत तीनशे आहे. जास्त घातलं तर मोटरवर ताण येतो."

"तुमचं पुस्तक," ते म्हणाले.

टाकी फिरू लागली. पहिल्या वेळेला आवाज एकसारखा आला होता. या वेळी त्यात मधूनच कोरडं खरखरणं ऐकू येत होतं. मी घड्याळ बघत होतो. दाजी टाकीवर नजर रोखून उभे होते. त्यांना ती कितपत दिसत होती कोण जाणे. चाचांच्या हातून सांडलेलं थोडं पाणी कट्ट्यावरून सरळ मोरीकडे पळालं. ते मी पाहिलं. पाणी मोरीकडे जाणारच, म्हणून त्याचा विचार केला नाही.

अकरा मिनिटांनी औषध ओतून दिलं. पुढचं औषध हायपो. त्याने फोटो पक्का होतो आणि जे उमटलं नाही ते कायमचं धुऊन निघतं. "ह्याच्यात तरी कंजुषी करू नका," म्हणत चाचांनी टाकी उभी केली आणि हायपो काठोकाठ भरला.

गावाचा रोल आधी उलगडला. जुनाट, करडा, पण पूर्ण. आईचा रोल चाचांनी उलगडला आणि त्यांचे हात कापायचे थांबले. फिल्मच्या एका कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर रुंद, काचेसारखी कोरी पट्टी होती. आडव्या फोटोंत सगळी माणसं खांद्यापर्यंत. वर काही नाही.

"काय झालं? बोला की राव," दाजी म्हणाले.

"जुन्या फिल्मला असं व्हतं," चाचा हलकेच म्हणाले.

मी गवंड्याची उतार बघायची पाणपातळी मागवली. पलीकडे कुणाच्या तरी घरी काम चालू होतं. कट्ट्याला फूटभर लांबीत पाऊण इंच उतार निघाला. तीनशे मिली औषध तळाकडे साचलं होतं. माझा चाचणीचा रोल एकटाच तळाला होता, म्हणून तो चांगला आला. आईचा रोल झाकणाकडे, चढावर होता. त्याच्या वरच्या कडेला औषध लागलंच नाही. पाचशे घातलं असतं तर लागलं असतं.

मी दाजींना हे सगळं असंच्या असं सांगितलं. चाचा बाहेर दुकानात जाऊन बसले.

दाजी म्हणाले, "म्हंजी मीच वर ठिवा म्हणालो."

"आणि औषध मी मोजलं."

"तुमी मोजणारच, पावणं. तुमी दुसरं काय करणार?" ते हसले नाहीत.

छत्तीसपैकी तीन फोटो कॅमेरा उभा धरून काढलेले होते. त्यांत डोकी नव्हे, एक बाजू गेली होती. दोनांत नुसतं घर. तिसऱ्यात दाराची डावी चौकट गायब, आणि उजवीकडे एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन उभी. पायापासून गाठोड्यापर्यंत अख्खी. फिल्म वाळताच चाचांनी तो मोठा करून आणला. दाजींनी तो डाव्या डोळ्याशी नेला, भिंग लावलं, पुन्हा दूर धरला.

"तोंड कुठंय?"

"पाठमोरी आहे, दाजी."

त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं, गाठोड्यावर थांबवलं. "व्हय. तीच हाय," म्हणाले. "लुगडं तिचंच."

मग खिशातून पैसे काढले. दोन रोलच्या धुलाईचे चारशे, प्रिंटचे साडेतीनशे. चाचांनी आधी एकही रुपया घ्यायला नकार दिला, दाजी उठेनात, तेव्हा त्यांनी गावाच्या एका रोलचे दोनशे आणि प्रिंटचे साडेतीनशे घेतले. उरलेले दोनशे दाजींच्या खिशात परत घातले. चाचांना मिळाले ते साडेपाचशे रुपये.