अदलाबदल झालेल्या चकऱ्या

आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहणारे चकरीकाका कमी बोलतात, म्हणून त्यांच्या वाटचं मीच बोलून टाकतो.

काकांचं तारुण्य लष्कराच्या एका गोदामात गेलं. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले आणि त्यांची रिव्हॉल्व्हरं मेणकागदात गुंडाळून, पेट्या भरभरून तिथे आली. काकांनी एकेक सोडवायचं, रॉकेलमध्ये धुवायचं आणि सहा गोळ्या बसतात तो गोल भाग, म्हणजे चकरी, कानाशी धरून फिरवायची. टक, टक. आवाज नीट आला तर ते पहारेकऱ्यांकडे जायचं. नाहीतर नळीत शिसं ओतून जुन्या बाजारात. दुपारी रॉकेलच्या वासाने डोकं हलकं व्हायचं आणि पेट्या पाण्यावर डुलताहेत असं वाटायचं म्हणे. एखाद्या चामडी म्यानातून वाळलेलं फूल निघायचं. काका ते फुंकर मारून पुन्हा आत ठेवत.

"कुणासाठी हो?" मी एकदा विचारलं.

"तुझ्यासाठी नव्हे, एवढं नक्की."

मध्यंतरी एकदा वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई खाली आल्या. त्यांचा दादा त्या युद्धातून परतलाच नाही. मागे राहिलं एक पत्र. त्यात पठ्ठ्याने ऐटीत आपल्या रिव्हॉल्व्हरचा नंबर लिहिलेला. बाई चाळीस वर्षं जुन्या बाजारात नंबर वाचत हिंडल्या आणि अखेर तो सापडला. नळी बुजवलेली, पण नंबर तोच.

"काका, एवढंच सांगा, हे माझ्या दादाचंच ना?"

काकांनी रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावरचा नंबर पाहिला, होकारार्थी मान हलवली. मग चकरी काढून तिच्यावरचा नंबर पाहिला, खरं तर दोन्हींवर एकच असतो, आणि चष्मा पुसत बसले.

"अहो, बोला की! बाईंचा जीव टांगणीला लागलाय," मी म्हणालो.

"उद्या सांगतो."

त्या उद्याला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी काका स्वतः जिना चढले. मी मागोमाग, कामच होतं माझं वर, असं समजा.

"बाई, सांगाडा दादाचा आहे. चकरी परक्याची. चूक माझी."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात काकांनी अतिशहाणपणा केला होता: वेळ वाचवायला चाळीस रिव्हॉल्व्हरांच्या चकऱ्या एकाच टबात बुडवल्या. नंबर जुळवायला दोन दिवस लागले असते आणि मुकादम तर डोक्यावर बसलेला, "फिरतेय ना? मग बसव!" जी जिथे फिरली, ती तिथे बसली.

बाई कितीतरी वेळ ती परकी चकरी बोटाने फिरवत राहिल्या. खिडकीतलं ऊन तिच्या सहा भोकांतून भिंतीवर सरकत होतं.

"मग माझ्या दादाची कुठेय?"

"उरलेल्या एकोणचाळिसांतल्या कुठल्यातरी एकात."

"म्हणजे आहे," बाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "उठा काका, चपला घाला."

आता दर रविवारी दोघं जुन्या बाजारात असतात. अकरा रिव्हॉल्व्हरं पाहून झाली. ह्या वयात दोघांचं जमलंय अशी गल्लीत कुजबुज आहे. ती मीच उठवली, खोटं कशाला बोलू? बाईंच्या कानावर गेलीच. त्यांनी मला वर बोलावून माझा कान पिळला आणि हातात भिंग कोंबलं.

"रिकामटेकडा आहेस ना? बारीक नंबर तू वाचायचे. रविवारी नऊला."