ओटीतला मुका नारळ

नारळ घेताना तो कानाशी धरून हलवायचा, हे मला लहानपणापासून माहीत. आतलं पाणी वाजलं तर घ्यायचा, नाही वाजलं तर तो मुका म्हणून परत ठेवायचा. त्या दिवशी मात्र अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारातून मी घाईघाईत दोन नारळ पिशवीत टाकले आणि घरी आल्यावर कळलं, त्यातला एक मुका आहे. परत करायला जायचा कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं आणि माझं डोकं आठवडाभर ठिकाणावर नव्हतं.

जाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. बार्शीटाकळीच्या माळ्याची लेक, वडिलांचं तिथे देवळासमोर हारफुलांचं आणि नारळांचं दुकान. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच तिला दिवस गेले. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तिला उलटी व्हायची तीसुद्धा सगळ्या घराला ऐकू जाईल अशी. मी तिला लिंबू कापून द्यायचे आणि मनात म्हणायचे, पुरे झाले नखरे. तिचे तंग झालेले ब्लाउज उसवून द्यायलाही मीच. खोटं कशाला लिहू, तिच्याकडे पाहिलं की माझा जळफळाट व्हायचा.

माझं माहेर अमरावतीचं. ही जाऊ घरात यायच्या आदल्या वर्षी मी माहेरपणाच्या नावाखाली तिकडे गेले आणि आईला सोबत घेऊन नळ्यांचा एक्स-रे काढून आले. गर्भाशयात एक औषध सोडतात आणि ते दोन्ही नळ्यांतून पुढे गेलेलं फिल्मवर दिसावं लागतं. माझं दोन्हीकडे सुरुवातीलाच अडलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधीतरी आत संसर्ग झाला असेल, तुम्हाला कळलंही नसेल, आता टेस्ट ट्यूबचा विचार करा. बाहेरच्या बाकावर बसून आई म्हणाली, "सासरी सांगू नको बाप्पा. त्याईले काय समजते नळी अन् फळी." नवऱ्याला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "पाहू सावकाश." फिल्मचा लिफाफा मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की मला होत नाही.

डोहाळजेवणाच्या दिवशी जाऊबाई हिरवी साडी नेसून पाटावर बसल्या. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं मोगऱ्याचं, वडिलांनी स्वतः गुंफून आणलेलं. मी सकाळपासून चुलीपुढे होते. पण घरच्या थोरल्या सुनेने पहिली ओटी भरायची, म्हणून आंघोळ करून लग्नातला शालू नेसले आणि उठले. तेवढ्यात सासूबाईंनी माझं कोपर धरलं.

"थांब वो. आधी लेकुरवाळीले भरू दे. तू मागून भरजो."

हळूच म्हणाल्या, पण अशा वेळी बायकांचे कान भारी तिखट असतात. तीन लेकरांची शेजारीण लगबगीने उठली. तिच्यामागून बाकीच्या. सगळ्यांचं झाल्यावर सासूबाईंना मी आठवले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी नारळ आणायला स्वयंपाकघरात गेले. दोन्ही नारळ एकेक करून कानाशी धरले. एक वाजला, एक नाही वाजला. मी न वाजणारा उचलला. चुकून नाही, चांगला समजून उमजून उचलला. बाहेर येऊन तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि वर तो मुका नारळ तिच्या पदरात घातला आणि हसून म्हटलं, "सुखरूप मोकळी हो." पोटात एक, ओठात एक.

संध्याकाळपासून भीतीने माझा ताबा घेतला. मी देवाधर्माची फारशी नाही, पण ती जरा कण्हली तरी मी हातातलं काम टाकून धावायचे. काही झालं तर ते माझ्याच हाताने झालं, असं वाटायचं. दिवसातून तीनदा विचारायचे, बाळ हलतं ना? ती माझा हात ओढून पोटावर ठेवायची. "पहा न ताई, कसं लाथा मारून राहिलं." तिला वाटायचं, मी माया करते. आतून लाथ बसायची, माझा जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्याच क्षणाला पुन्हा हेवा वाटायचा.

पाचव्या दिवशी वडील तिला बाळंतपणासाठी न्यायला आले. निघण्याआधी ती माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. पिशवीतून तिने तो नारळ काढला. ही नारळवाल्याची लेक आहे, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

"ताई, हा मुका हाय. ओटीत पडला तवाच समजलं मले."

मी उठून दाराला कडी घातली.

"एवढा चांगला नारळ तुमी मले काहून देऊन टाकला जी?"

तिने तो कानाशी धरून हलवून दाखवला.

"असा निघाला का आमचे बाबा इकत नाईत. आत कोंब धरला का तो पानी पिऊन टाकते, मंग नारळ वाजत नाई. त्यात फूल निघते. ज्या बाईले लेकरू पायजे, तिले बाबा देतात." तिचे डोळे भरले होते. "तुमच्या हाती आला होता, अन् तुमी तुमचं मले दिलं. आता तुमीच फोडा."

तिने तो माझ्या हातात ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेली.

ऑटो गल्लीबाहेर गेल्यावर मी मोरीत बसून नारळ फोडला. आत फूल नव्हतं. खोबरं काळं पडलेलं होतं आणि त्याला घाण वास येत होता. ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकलं आणि मोरी दोनदा धुतली.

दुपारी तिचा फोन आला. बार्शीटाकळीला पोचल्याचं सांगायच्या आधीच तिने विचारलं, "निघालं काय जी फूल?"

सांगता आलं असतं सगळं. नळ्यांचं, साड्यांखालच्या लिफाफ्याचं, मी दोन नारळ कानाशी धरले होते त्याचंही.

"निघालं," मी म्हटलं.

"बाबा, निघालं! ताईच्या नारळात फूल निघालं!" तिकडे ती ओरडली, आणि रडायलाच लागली.

तिची मुलगी आता बालवाडीत जाते. जावेच्या पोटाचा हेवा करायचं मी केव्हाच सोडलं. त्या दुपारी ती माझ्यासाठी रडली, तसं मला कुणासाठी रडता येत नाही, आणि त्याचा हेवा अजून जात नाही.