चटणी बंद, चहा चालू

दुपारी सात रस्त्याजवळच्या माझ्या चादरीच्या दुकानात ऊन पायरीपाशीच थांबतं. गठ्ठ्याला टेकून डोळे मिटले की उखळाचा आवाज येतो. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, कुटता कुटता सुटणारं तेल. सगळं दुकान हळूहळू त्या वासात बुडतं. डोळे उघडले की समोर नुसत्या चादरी.

शेंगाचटणी बायकोनं वर्षभर बंद ठेवली होती. मला साखर होतीच, त्यात रक्तातली चरबी वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेल जपून. बायकोनं सगळा आळ चटणीवर घेतला. शून्यातून दुकान उभं केलेल्या माणसाच्या ताटात दूध-भाकरी. मी ताट सरकवलं, आवाज चढवला. तिनं दूध वाढवलं.

पुढचा रिपोर्ट आला, तर चरबी आणखी चढलेली.

"चटणी न्हाय, तरी चढली," मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो. "आता चूक कुणाची, सांगा की."

"काका, तुमची साखर बघा. ती अशी चढलेली असली की यकृत जास्त चरबी बनवून रक्तात सोडतं. असंच चाललं तर हृदयावर येईल. दिवसभरात गोड काय घेता?"

"काहीच न्हाय."

"अहो, आणि चहा?" बायको म्हणाली.

आमच्या बाजारात गिऱ्हाइकाशी भाव ठरला की एकाच किटलीतला गोड चहा दोघांनी घ्यायचा, तेव्हा सौदा पक्का. तो चहा मी कधी खाण्यापिण्यात धरलाच नव्हता. तो धंदा होता.

दुसऱ्या दिवशी करमाळ्याच्या जुन्या गिऱ्हाइकानं माझा वेगळा, बिनसाखरेचा कप पाहिला आणि त्याचा हात थांबला.

"शेठ, भाव मनाला लागला काय?"

"साखर हाय मला."

त्यानं आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मलाबी हाय की. मागवा तसलाच."

काही महिन्यांनी साखर उतरली, तिच्यामागून ती चरबीही. मग कोलेस्टेरॉलसाठी चालू असलेली गोळी मी डॉक्टरीणबाईंकडे अर्धी करून मागितली.

"इथं घासाघीस नाही, काका. साखर उतरली तरी ही गोळी लागतेच. चटणी मात्र चमचाभर खा."

त्या संध्याकाळी खरंच उखळ वाजलं. बायकोनं चमचा बोटानं सपाट करून वाढला.

"शीग तरी ठेव."

"चमचाभर म्हणाल्यात त्या."

वर्षभराची चटणी तिच्याकडे बाकी निघते, ते मी विसरलेलो नाही. पण घास तोंडात विरघळत होता, बाहेर उजेड मंद होत होता, आणि भांडण उद्यावर गेलं.