गटाराची पाळी

काल्हेरच्या पलीकडे आमचं गाव. गटार आम्ही गावकऱ्यांनीच बांधलं. दर अमावस्येला एक घर पुढं होतं आणि सगळ्या आळीला बोलावून ते साफ करून घेतं. आमच्या घरची पाळी माझी बायको करायची. हातात आकडा लावलेला बांबू आणि तोंडाचा पट्टा चालू. ती गेली आणि घर मुकं झालं.

यंदा पालिकेचा साहेब देवळातल्या सभेला आला. म्हणाला, "गटार आमच्या ताब्यात द्या. तुम्हाला घाणीत हात घालायला नको."

मी उठलो. "न्हाय द्यायचं. आमच्या पाळ्या लागल्यात."

शेजारची सून हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही कशाला भांडता? मामी गेल्यापासून तुमच्या घरची पाळी आम्ही सोडूनच दिली."

मी वेड्यासारखा आमच्या पाळीची वाट बघत होतो, आणि ही माणसं दया करून माझं दार ओलांडून जात होती.

"कुणी सांगितलं सोडायला? बायको मेली, घर न्हाय मेलं."

मग गावानं हात वर करून नको म्हणून सांगितलं. साहेब म्हणाला, परत येईन. येऊ दे.

पुढच्या अमावस्येला मी तिचा बांबू काढला आणि दारं ठोकत निघालो.

"मामा, उलटा धरलाय!" शेजारची सून ओरडली. "मामी असती तर तोच पाठीत घातला असता."

"घातलाच असता," मी म्हणालो, आणि आकडा खाली करून गटाराकडं वळलो. मागं सगळी आळी होती.