अडवलेलं हसू

पंचवटीतली साळूबाई भाजी विकायची, पण तिचं नाव झालं होतं ते लग्नात विहिणीची थट्टा करणाऱ्या गाण्यांमुळे. हसण्याचंही शास्त्र असतं असं ती म्हणे, आणि ऐकणारे आधी त्यालाच हसत. हसोत बापडे! तिनं उभी हयात माणसं हसताना न्याहाळली होती. एकटं माणूस फारसं हसत नाही. हसू ओठांवर यायच्या आधी खांद्यांत येतं. एकजण फुटली की बाकीच्यांना कारण लागत नाही. आणि जिची थट्टा करायची तिची दुखरी जागा आधी गुपचूप विचारून घ्यायची, तिथं बोट लावायचं नाही.

चौतीस साली तिच्याच धाकट्या लेकीचं, चिमणाचं लग्न निघालं. वऱ्हाड सायखेड्याचं. लोकांच्या मांडवात कधी न चुकलेली ही बाई घरच्या कार्यात चुकली, लगीनघाईत चौकशी करायचीच राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पंगत बसली, विहीण कुसाबाई पाटावर टेकली आणि साळूबाईनं सूर लावला:

"विहीणबाईंचे दात कसे, अख्ख्या उसाचे करती भुसे!"

मांडव हसला. कुसाबाईनं तोंडावरचा पदर आणखी घट्ट धरला आणि ती भरल्या पानावरून उठली. मग वऱ्हाडातल्या बायकांकडून कळलं, की तिचे पुढचे सगळे दात आजारात गेले होते, तेव्हापासून ती चारचौघांत तोंडच उघडत नव्हती.

विहिणीनं रुसायचं ही रीतच, पण हा रुसवा खरा होता. तो निघाला नाही तर सासरी चिमणालाच तो भोगावा लागणार होता. मोठ्या माणसांनी हात जोडले, नवं लुगडं पुढं केलं. कुसाबाई भिंतीकडं तोंड करून बसली ती बसलीच. विहीण जेवल्याशिवाय घास कोण उचलणार? भात निवत चालला.

साळूबाईनं जाऊन तिचे पाय धरले, चूक कबूल केली. मग बायकांकडं वळून बजावलं, "मी माझ्या विहिणीला दुखवलंय. आता या मांडवात कुणी हसायचं नाय."

अगदी मनापासून सांगितलं हो तिनं! सगळ्या माना खाली घालून गप्प बसल्या. आणि त्या शांततेत साळूबाईच्या थोरल्या जावेला, लंकाबाईला उचकी लागली. तिनं ती दाबली, तशी दुसरी आणखी मोठी आली. कुणी वर बघेना. साळूबाईनं स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. इतक्यात कुसाबाईचे खांदे हलताना दिसले. रडतेय की काय, असं साळूबाईला वाटलं.

ती रडत नव्हती. तिसऱ्या उचकीला कुसाबाई अशी फुटली की पदर सुटला, तोंड उघडं पडलं, डोळ्यांतून पाणी आलं. तिचं बोळकं बघायला शुद्धीवर होतं कोण? अख्खा मांडव पोट धरून लोळत होता. मग निवलेला भातही सगळ्यांना गोड लागला.

पाठवणीच्या वेळी साळूबाईनं लेकीला जवळ घेतलं आणि चार आया सांगतात तेच सांगितलं, की सासरी मोठ्यानं हसू नको, लोक नावं ठेवतात. कुसाबाईनं ते ऐकलं.

"विहीणबाई, पोरीला भलतंसलतं शिकवू नका," ती म्हणाली. "माझ्या घरात तिनं तोंड दाबून हसायचं नाय. मी लय वर्षं तशी काढलीत."

गाडी गंगा-गोदावरीच्या वाटेला लागली. लेक सासरी निघाली की आईनं रडायचं असतं. साळूबाईला मात्र काही केल्या रडू येईना.