भिंगरीचा पहिला धडा

थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला भिंगरी. ताई हे नाव नात्यातून आलं होतं, भिंगरी हे वागण्यातून. चालायला लागल्यापासून ही पोर एका जागी म्हणून टिकली नाही. आता पन्नाशी उलटली होती, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते, तरी नाव काही सुटलं नव्हतं. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर वेगळंच भारदस्त नाव रंगवलेलं होतं, पण फोन करणारे विचारत, "भिंगरीबाईंचंच ना हे?"

त्यांच्या आईला मुली दोन आणि छंद एक. तो छंद म्हणजे तुलना. मार्क, अक्षर, वेण्या, दूध पिण्याची पद्धत इथपर्यंत कोणीही समजू शकेल. पण आईने दोघींच्या आजारपणांचीही तुलना केली होती. "ताईचा ताप कसा, आला तसा शहाण्यासारखा उतरायचा," ती शेजारणीला सांगे. "हिचा बघा. उतरतो, पुन्हा चढतो. तापालासुद्धा वळण नाही."

ताई शाळेत तीन वर्षं पुढे. त्यामुळे भिंगरी ज्या वर्गात जाई, तिथे ताईचं नाव आधीच पहिल्या बाकावर जाऊन बसलेलं असे. हजेरी घेताना नव्या शिक्षकांचा चेहरा उजळे. "अरे वा, तू तिची बहीण? मग काळजीच नाही." सहामाहीपर्यंत तेच शिक्षक चष्मा काढून विचारत, "सख्खी?"

भिंगरी मठ्ठ नव्हती. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिच्याकडे उत्तर असे, फक्त ते ती शेजारच्या मुलीला सांगून मोकळी होई. मग दोघींपैकी एकीला बाहेर उभं करावं लागे, आणि ती एक कोण हे ठरलेलंच होतं. तिच्या शिक्षणाचा बराचसा भाग व्हरांड्यात झाला. व्हरांड्यातून मागचं आवार दिसे. शाळेची बस तिथल्या अरुंद फाटकातून उलटी आत येई. ड्रायव्हर मान मागे वळवून एका हाताने स्टीअरिंग फिरवी आणि एवढं मोठं धूड दोन्ही खांबांना न शिवता आत घेई. भिंगरी तोंडाने इंजिनाचा आवाज काढत हवेत चाक फिरवी. मग आतून दटावणी येई, "बाहेर तरी गप्प उभी राहा."

कधीकधी त्याच व्हरांड्यातून ताई जाई. छातीशी वह्यांचा गठ्ठा, मान खाली. बहिणीसमोरून जाताना ती एकदाही वर पाहत नसे. भिंगरीला मार्कांचं कधी वाईट वाटलं नाही, शिक्षेचंही नाही. ती खाली घातलेली मान मात्र तिच्या मनात काट्यासारखी राहून गेली. लाज वाटत असेल ताईला. वाटणारच.

पुढे ताई गावातल्या ग्रंथालयात लागली आणि तिथेच ग्रंथपाल झाली. भिंगरीने दोन-चार नोकऱ्या केल्या, सोडल्या आणि शेवटी एक जुनी गाडी घेऊन लोकांना चालवायला शिकवू लागली. त्या कामात तिचं नाव झालं. याचं कारण होता तिचा पहिला धडा. नवा शिकाऊ थरथरत स्टीअरिंगमागे बसला की ती म्हणे, "आज आपल्याला गाडी चालवायची नाहीये. बंद पाडायची आहे." क्लच एकदम सोड, गाडी गचका खाऊन बंद पडू दे, पुन्हा चालू कर, पुन्हा बंद पाड. तासभर हेच. "गाडी बंद पडली की काय होतं?" ती शेवटी विचारी. माणूस घाम पुसत म्हणे, "काही नाही." "हे ज्याला कळलं, त्याला निम्मी गाडी आली," ती म्हणे. बाकीचे शिकवणारे हसत. पण तिच्याकडचे शिकाऊ सहसा पहिल्या खेपेलाच पास होत.

त्या वर्षी शाळांना सुट्ट्या लागल्या आणि एका संध्याकाळी ताई बहिणीच्या दारात उभी राहिली. हातात गाडी चालवण्याच्या नियमांचं पुस्तक, त्यात जागोजाग कागदी खुणा.

"आमच्या फिरत्या ग्रंथालयाचे ड्रायव्हरकाका निवृत्त झाले," ताई म्हणाली. "वरचे साहेब म्हणतात, नवा माणूस मिळणार नाही. शाळा सुरू होईपर्यंत कर्मचाऱ्यांपैकी कोणी लायसन्स काढलं तर ठीक, नाहीतर व्हॅन बंद."

"मग काढेल कोणीतरी."

"मीच कोणीतरी."

भिंगरी पाहत राहिली. ती व्हॅन म्हणजे ताईचा जीव होता. गावाबाहेरच्या वस्त्यांमध्ये मुलं, म्हातारी माणसं, घराबाहेर पडू न शकणाऱ्या बाया तिची वाट पाहत बसायच्या, आणि कोणाला कुठलं पुस्तक द्यायचं हे ताईला तोंडपाठ होतं.

"नियम पाठ झालेत," ताई म्हणाली. "फक्त चालवायचं राहिलंय."

"एवढंच होय," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. लेखी परीक्षेत ताईला पैकीच्या पैकी मिळाले, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. गाडीतही ती चुकत नसे. पण ती चालवत नसून गाडीची समजूत घालते आहे असं वाटे. चौकात ती दोन्ही बाजूंना पाही, पुन्हा पाही, मग मागच्याची क्षमा मागितल्यासारखी आरशात पाही.

"जा ना, ताई."

"तो येतोय ना समोरून."

"तो अजून पुढच्या चौकात आहे. तो इथे पोचेपर्यंत तू निवृत्त होशील."

तरी ताई थांबे. जन्मभर नाकासमोर चालली, आता नाकासमोर चालवत होती. भिंगरीला वाटलं, हळू का होईना, बिनचूक तर आहे. परीक्षेला नेली.

परीक्षक तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे गृहस्थ होते. मधल्या चौकात ताईने एका सायकलवाल्याला आधी जाऊ दिलं. मग दुसऱ्याला. मागून हॉर्न सुरू झाले. तिने घाईने क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. गाडी पुन्हा चालू करावी एवढंच काम होतं. ताईने मात्र दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि वर्गात पेपर संपल्यावर बसावं तशी बसून राहिली. शेवटी परीक्षकांनीच स्टीअरिंगमागे बसून गाडी कडेला घेतली.

ताई नापास झाली. ही बातमी आईच्या बाल्कनीत त्या दोघींच्या आधी पोचली होती. आई ऐंशीची, पण कान शाबूत. तिने ताईला जवळ बसवलं, चहा दिला आणि भिंगरीकडे वळली.

"बालवाडीपासून कुठल्या परीक्षेत नापास झाली नव्हती. तुझ्या हाताखाली गेली आणि झाली."

परीक्षेची पुढची तारीख मिळाली ती शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातली. ती हुकली तर व्हॅन गेली, आणि आई हे वाक्य मरेपर्यंत सोडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवा शिकाऊ आला. बेकरीवाला, आडवातिडवा, कपाळावर पिठाचा पट्टा. तो जीव मुठीत धरून बसला. भिंगरी सवयीने म्हणाली, "आज आपल्याला गाडी चालवायची नाहीये. बंद..." आणि ती मध्येच थांबली.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. तुम्ही पाडा बंद."

बेकरीवाला गचके खात होता आणि भिंगरी समोरच्या काचेतून नुसती पाहत होती. ताईला हा धडा तिने दिलाच नव्हता. मुद्दाम टाळलाही नव्हता. ताई येऊन बसली आणि भिंगरीने सरळ दुसऱ्या धड्यापासून सुरुवात केली. पहिल्या नंबरवालीला काय गाडी बंद पाडायला सांगायची? जन्मभर त्या तुलनेला शिव्या घातल्या, आणि गाडीत बसल्यावर स्वतःच ताईला पहिल्या बाकावर नेऊन बसवलं होतं. आईचीच लेक शेवटी.

बेकरीवाल्याला सोडून ती तडक ग्रंथालयात गेली. ताई पुस्तकांवर शिक्के मारत होती.

"चल."

"आत्ता? माझं काम चालू आहे."

"ताई, आज शाळा बुडव."

ताईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. मग रजेचा अर्ज लिहायला कागद ओढला. भिंगरीने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. "बुडवतात, ताई. अर्ज करत नाहीत." समोरची सहकारी हसू दाबत म्हणाली, "जा हो ताई, मी बघते इथलं."

एका बंद गोदामामागे मोठं रिकामं आवार होतं. एका कोपऱ्यात चढ, बाकी सपाट. भिंगरीने गाडी मधोमध उभी केली आणि ताईला स्टीअरिंगमागे बसवलं.

"बंद पाड."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"पण चुकीचं आहे ते."

"हो. चुकीचं कर."

ताईला जमेना. पाय आपोआप सांभाळून उठे आणि गाडी गोगलगायीसारखी पुढे सरके. शेवटी भिंगरी म्हणाली, "आईचा चेहरा डोळ्यासमोर आण." ताईचा पाय सटकन वर आला. गाडीने उडी मारली आणि गप्प झाली. ताईने डोळे घट्ट मिटले होते.

"काय झालं?" भिंगरीने विचारलं.

"बंद पडली."

"मग?"

ताईने एक डोळा उघडला. आवार होतं तिथेच होतं. भिंतीवरचं मांजर पंजा चाटत होतं. "मग काही नाही," ती सावकाश म्हणाली.

"कर चालू."

पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ऊन चढलं तशी ताईची पाठ सीटला टेकली. एका गचक्याला दोघींची डोकी एकदम पुढे गेली, आणि ताईला हसू फुटलं, पोटातून आलेलं, न आवरणारं. भिंगरीने ते कधी ऐकलंच नव्हतं.

हसू ओसरल्यावर ताई स्टीअरिंगवर हात ठेवून बसली. "तुला व्हरांड्यात उभं करायचे ना, तेव्हा वह्या पोचवायचं काम मी मागून घ्यायचे."

"कशाला? मान खाली घालून जायला?"

"वर पाहिलं असतं तर हसले असते. तू बसचा आवाज काढायचीस. मग मलाही बाहेर काढलं असतं. मला बाहेर काढलं तर काय होईल, या भीतीनेच रात्रंदिवस अभ्यास करायचे मी. आणि तू तिथे मजेत बस चालवत असायचीस."

"मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते," भिंगरी म्हणाली.

"थोडी वाटायचीही," ताई म्हणाली. ती खोटं बोलत नसे.

यावर भिंगरी इतकी हसली की भिंतीवरचं मांजर उठून गेलं. काटा निघाला होता, आणि निघताना दुखलाही नव्हता. "चल," ती म्हणाली, "आता चढावर बंद पाड."

त्यानंतर ताईने दोनदा शाळा बुडवली. दुसऱ्या खेपेला तर भिंगरीने बोलवायच्या आत ग्रंथालयाच्या फाटकात येऊन उभी होती. एकदा रस्त्यात आडव्या उभ्या असलेल्या टेम्पोला तिने हॉर्न दिला आणि त्याने हलायच्या आत दुसरा दिला. "बेशिस्त," भिंगरी कौतुकाने म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी भिंगरी चढाच्या रस्त्याकडेला उभी राहिली. गाडी वळणं घेऊन चढाला लागली. चढाच्या मध्यावर थांबायचं आणि पुन्हा निघायचं होतं. ताई थांबली, निघाली, आणि गाडी बंद पडली.

मागच्या गाडीने लगेच हॉर्न वाजवला. भिंगरीने डोळे मिटून घेतले, अगदी ताईसारखे. उघडले तेव्हा गाडी जागेवरच होती, तसूभरही मागे सरकली नव्हती. खिडकीतून ताईचा हात बाहेर आला. वर्गात गडबड करणाऱ्या पोराला बाई थांबवतात तसा तो हात मागच्याला म्हणाला, जरा दम धर. मग इंजिन सुरू झालं आणि गाडी एका दमात चढून गेली.

परीक्षक उतरून भिंगरीकडे आले. तोंडातली गुळणी पहिल्यांदाच सुटलेली दिसत होती.

"गाडी बंद पडली होती."

"पाहिलं मी."

"बंद सगळ्यांचीच पडते. पण बाई काय शांत. पास केलंय. हे कधी शिकवता तुम्ही?"

"पहिल्याच दिवशी," भिंगरी म्हणाली. मग तिच्याने राहवलं नाही. "म्हणजे, पहिल्या दिवशी शिकवायला हवं."

शाळा सुरू झाली त्या सकाळी फिरतं ग्रंथालय पुन्हा रस्त्यावर आलं. पुस्तकांनी भरलेली व्हॅन ताई चालवत होती आणि शेजारी भिंगरी, शिकवणीच्या गाडीत असतो तसा पायाखाली ब्रेक नसताना, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. पहिल्या वस्तीवर मुलं व्हॅनमागे धावली. नेहमी खिडकीत बसणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "नवे ड्रायव्हर कुठायत?" ताई दार उघडून खाली उतरली आणि म्हणाली, "समोर उभे आहेत."

परतताना व्हॅन आईच्या घराखाली आली. आई बाल्कनीत तयारच होती. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत ताईला व्हॅन लावायची होती. ती पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. मग गचका देऊन व्हॅन बंद पडली. ताईने हसून ती पुन्हा चालू केली.

वरून आईचा आवाज आला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "अगं ताई, किती वेळ तो? भिंगरी बघ कशी एका झटक्यात लावते. शीक जरा तिच्याकडून."

भिंगरीने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि कानामागे हात धरला.

"आई, नीट ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "पुन्हा एकदा म्हण."